सत्तर हजार रुपये आणि दोन मिनिटं

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, वजन ७८ किलो, राहायला पिंपळे सौदागर. ॲल्युमिनियमची डिस्क ब्रेकवाली रोड बाईक, तीन वर्षांपूर्वी घेतलेली. चाकं आणि टायर कंपनीने दिलेलेच. रविवारी ८०-१०० किमी, एकट्याने सरासरी २७ च्या आसपास. पुढच्या वर्षी गोव्याची आयर्नमॅन ७०.३ (पोहणं, मग ९० किमी सायकल, मग २१ किमी पळणं) करायची आहे. बजेट ७० हजार. "५० मिमीची कार्बन चाकं घेऊ की ३८ ची? आणि स्पीड साधारण किती वाढेल?"

(५० आणि ३८ म्हणजे रिमची खोली, मिलिमीटरमध्ये.) दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावरच पहिल्याचं अवलंबून आहे. ताशी ३० च्या वेगाला पाव ते अर्धा किलोमीटर. बस. ९० किलोमीटरला दोनेक मिनिटं. कुणी तुम्हाला "दोन-तीनचा फरक पडतो भाऊ" असं सांगितलं असेल तर एक तर त्याला चाकं विकायची आहेत, नाहीतर त्याने चाकांसोबत टायरही बदलले आणि सगळं श्रेय चाकांना देऊन टाकलं. दुसरा प्रकार जास्त दिसतो, आणि त्यात कुणी खोटं बोलत नसतं.

मी सोळा वर्षं पुण्यात चाकं बांधतो, आऊट काढतो, तुटलेले स्पोक बदलतो. घरी माझ्याच तीन जोड्या कार्बन चाकं टांगलेली आहेत, त्यामुळे मी या चाकांच्या विरोधात आहे असं समजू नका. पण तुम्ही विचारताय कुठलं चाक घेऊ, आणि तुम्हाला खरं हवंय ते असं की गोव्यात ९० किमी लवकर संपावेत आणि सायकल ठेवल्यावर २१ किमी पळायला पायात काहीतरी शिल्लक असावं. या दोन गोष्टींमध्ये ७० हजारांचं अंतर आहे.

आधी हिशेब बघू. तुम्ही, सायकल, दोन बाटल्या मिळून ९० किलो धरा. सपाट रस्ता, वारा नाही, हात हूड्सवर म्हणजे ब्रेकच्या मुठींवर, ताशी ३०. पायातून साधारण १६० वॅट जातात. त्यातले ११५ च्या आसपास हवा कापण्यात, ४०-४५ टायर रस्त्यावर दाबला जाऊन सुटण्यात, आणि थोडे चेन-बेअरिंगमध्ये. म्हणजे सत्तर टक्के भांडण हवेशी आहे, हे कंपन्या सांगतात ते खरंच. मात्र त्या हवेशी भांडतंय कोण? बहुतांश तुमचं शरीर. सायकल आणि स्वार मिळून जेवढा अडथळा होतो त्यातला पाऊण भाग तरी स्वाराचा असतो. उरलेल्या पावात फ्रेम, हँडल, बाटल्या, केबल आणि चाकं. त्या चाकांच्या वाट्यातला एक हिस्सा आपण ७० हजार देऊन कमी करतो.

आता जाहिरातीतला आकडा. "१५ वॅटची बचत" असं लिहिलेलं असतं तेव्हा खाली बारीक अक्षरात वेग बघा. बहुतेक वेळा तो ताशी ४५ किंवा त्याहून जास्त असतो. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणून वेग कमी केला की बचतही घनानेच आटते. ४५ ला १५ वॅट वाचवणारं चाक ३० ला साडेचार वॅट वाचवतं. तुमच्या आजच्या २७ ला तीन-सव्वातीन. आकडा खोटा नाही, पण तो ४५ ने चालवणाऱ्याचा आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मी एकच बाजू मांडली असं होईल. वॅट कमी वाचले तरी मिनिटं त्या प्रमाणात कमी होत नाहीत, कारण हळू चालवणारा रस्त्यावर जास्त वेळ असतो. ४५ ने जाणारा ९० किमी दोन तासांत संपवतो, त्याचं १५ वॅटमध्ये दीड मिनिट वाचतं. ३० ने जाणारा तीन तास असतो, त्याची साडेचार वॅटमध्ये दोन मिनिटं वाचतात. म्हणजे "एवढ्या वेगाला एअरो (म्हणजे खोल रिमच्या) चाकांचा उपयोगच नाही" असं कट्ट्यावर म्हणतात तेही चूक. उपयोग आहे. फक्त तो दोन मिनिटांचा आहे, आणि तेवढ्याच पैशांत जास्त मिनिटं विकत मिळतात.

सगळ्यात स्वस्त मिनिटं टायरमध्ये आहेत. त्या किमतीच्या सायकलींना कंपनी जे टायर लावते ते टिकाऊ असतात, जाड असतात, आणि चालायला लाकडासारखे. टायर हातात घेऊन बाजूची भिंत चिमटीत धरा. चांगला टायर जाड कापडासारखा दुमडतो, कंपनीचा टायर वहाणेच्या तळासारखा लागतो. तो न दुमडणारा प्रत्येक मिलिमीटर फिरताना तुमच्या पायातून ऊर्जा खातो. चांगल्या रेसिंग टायरची जोडी आणि त्यात टीपीयूच्या (रबराऐवजी प्लास्टिकच्या) पातळ ट्यूब टाकल्या तर तुमच्या वजनाला ३० च्या वेगाला १० ते १२ वॅट सुटायला हरकत नाही. ९० किमीला पाच मिनिटांच्या आसपास. खर्च आठ-दहा हजार. चाकांच्या सातव्या हिश्शाला दुपटीहून जास्त फायदा, आणि वर घाटात उतरताना पकडही चांगली.

पंक्चर जास्त होतील ही भीती अगदी रास्त आहे. आपल्या हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या तारा पडलेल्या असतात, केसासारख्या बारीक, त्या कुठलाही टायर सोडत नाहीत. मी स्वतः रोजच्या फिरण्याला जाड टायर ठेवतो आणि रेसच्या महिनाभर आधी चांगले चढवतो. ते थोडं कटकटीचं आहे, पण दहा हजारांचे टायर वाकड-हिंजवडीच्या रस्त्यावर झिजवण्यात मजा नाही.

दुसरी जागा म्हणजे तुम्ही बसता कसे. १९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस सायकलवाल्यांच्या गप्पांत वारंवार येतो, आणि चाकांच्या बाबतीत तर त्याचा एक तपशील फार मजेशीर आहे. व्हर्साय ते पॅरिस, साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध. लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. त्याच्या सायकलला पुढे-मागे दोन्ही भरीव डिस्क चाकं, पण हँडल आपलं नेहमीचं, डोक्यावर हेल्मेट नाही, मागे पोनीटेल. ग्रेग लेमाँडकडे डिस्क फक्त मागे होती. त्याने हँडलवर कोपरं टेकवायचे बार लावले होते आणि डोक्यावर लांबट हेल्मेट. लेमाँडने त्या साडेचोवीस किमीत ५८ सेकंद काढले आणि टूर ८ सेकंदांनी जिंकला. फिन्योंला बसायच्या जागी फोड झाला होता आणि तो वेदनेत होता, हेही खरं, म्हणून सगळं श्रेय बारला देता येणार नाही. तरी चाकं ज्याची भारी होती तो हरला, एवढं ध्यानात ठेवायला हरकत नाही.

७०.३ मध्ये दुसऱ्याच्या मागे लपून चालवायला बंदी असते आणि कोपरं टेकवायचे बार चालतात. तुमच्या रोड बाईकला असे क्लिप-ऑन बार पाच ते दहा हजारांत लागतात. नीट बसवले आणि सवय झाली तर हवेचा अडथळा १५ टक्क्यांनी तरी कमी होतो. ३० च्या वेगाला सतरा-अठरा वॅट, ९० किमीला सात-आठ मिनिटं. अट एकच, त्या पोझिशनमध्ये तुम्हाला सलग तासभर बसता आलं पाहिजे. वीस मिनिटांनी मान धरली आणि उठून बसलात तर बार म्हणजे हँडलवरचं अर्धा किलो ओझं. म्हणून त्यासोबत एक चांगलं बाईक फिटिंग करून घ्या, सॅडल थोडं पुढे-वर सरकवावं लागतं. आणि सराव पहाटे, मोकळ्या रस्त्यावर. औंध-रावेत रोडला कोपरं टेकवून जाणारे बघितले की माझ्याच पोटात गोळा येतो, ब्रेक हाताशी नसतात ना.

ढगळ जर्सी हासुद्धा एक खर्च आहे. दंडावर फडफडणारी बाही ऐकू येत असेल तर तेवढे वॅट ऐकू येतायत असं समजा.

आता एवढं वाचूनही तुम्ही चाकं घेणार आहात, हे मला माहीत आहे. मीही घेतली होती. खोल रिमचा तो घुमणारा आवाज, सायकल भिंतीला टेकवून ठेवल्यावर दिसते ती... त्याची किंमत कुठल्याच हिशेबात धरता येत नाही आणि धरू नये. आवडती सायकल माणूस पहाटे साडेपाचला बाहेर काढतो. फक्त घेताना काय बघायचं ते सांगतो, कारण ५० की ३८ हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

खोलीपेक्षा आधी रुंदी बघा. चाक हवेत फिरतं तेव्हा त्याच्या पुढच्या अर्ध्या भागात हवा आधी टायरला धडकते आणि मग रिमवरून सरकते. टायर रिमपेक्षा फुगीर असेल तर हवा टायरवरून सुटते ती रिमला परत चिकटतच नाही, मग रिम ५० असो की ८०, मागे नुसता भोवरा. यासाठी एक ढोबळ नियम आहे, त्याला १०५ चा नियम म्हणतात. रिमची बाहेरची रुंदी टायरच्या रुंदीच्या किमान १०५ टक्के असावी. २८ च्या टायरला साडेएकोणतीस मिमी. आणि ही टायरवर छापलेली रुंदी नव्हे, चढवून हवा भरल्यावर कॅलिपरने मोजलेली. २३ मिमी आतल्या रुंदीच्या रिमवर २८ चा टायर बरेचदा एकोणतीस-तीस भरतो. बाजारात स्वस्तात मिळणारी जुन्या साच्यातली ५० मिमीची चाकं बाहेरून २५-२६ मिमी असतात. त्यावर २८ चढवला की तुम्ही खोलीचे पैसे देऊन खोलीचा फायदा टाकून दिलात. त्यापेक्षा ४० मिमीची, पण बाहेरून ३० रुंद रिम केव्हाही बरी. टायर २५ चा घालून नियम पाळता येईल, पण आपल्या रस्त्यांवर ७८ किलोला २५ म्हणजे कंबरेला शिक्षा.

चाकाचा मागचा अर्धा भाग लोक विसरतात. तिथे उलटं होतं, हवा आधी रिमच्या आतल्या, हबकडच्या कडेला लागते आणि टायरवरून बाहेर पडते. म्हणून जुन्या इंग्रजी व्ही सारख्या टोकदार रिम आडव्या वाऱ्यात अवघड जात. आताच्या चांगल्या रिमची आतली कड गोल, बोथट असते. दुकानात चाक हातात घेतल्यावर खोली मोजण्याआधी त्या कडेवरून अंगठा फिरवा. टोचली तर ठेवून द्या.

आडवा वारा हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे आणि तो वजनावर, अनुभवावर आणि रस्त्यावर अवलंबून आहे. ताशी १० किमीचा आडवा वारा ४५ ने जाणाऱ्याला साडेबारा अंशांतून लागतो, ३० ने जाणाऱ्याला अठरा अंशांतून. म्हणजे जो हळू चालवतो त्याला तोच वारा जास्त आडवा. ठरावीक कोनापर्यंत खोल रिम शिडासारखी मदतही करते, त्यापुढे हवा सुटते आणि हँडल हिसका देतं. हिसका पुढच्या चाकाचाच असतो, मागचं चाक स्टीअर होत नाही. एकदा सज्जनगडाच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर आम्ही चौघं गेलो होतो. तिथे पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. माझं वजन तेव्हा ८१, ५० च्या चाकांवर मी तिरका होऊन का होईना चालवत होतो. सोबतची मैत्रीण ५४ किलोची, पुढे ६० मिमी. तिने दोन किलोमीटर सायकल हातात धरून चालत आणली, आणि उतरताना मी माझं पुढचं चाक तिला दिलं, तिचं मी घेतलं. त्यानंतर तिने पुढे ३५ च घेतली आणि मागे ६० तशीच ठेवली. दिसायला थोडं विचित्र दिसतं, चालतं फार छान.

तुमचं वजन ७८, तेव्हा पुढे ५० सांभाळता येईल. तरी हायवेवर बसचा धक्का अनुभवून बघा. व्होल्वो बाजूने जाताना आधी तुम्हाला बाहेर ढकलते आणि निघून जाताना आत ओढते, दोन्ही एका श्वासात. नवीन माणूस पहिल्या धक्क्याला हँडल आवळतो आणि दुसऱ्याला आत जातो. हात सैल ठेवायची सवय लागेपर्यंत खोल चाकं घेऊन हायवेला जाऊ नका. मला विचाराल तर पुढे ४०-४५, मागे ५०. जोडी एकसारखीच मिळत असेल तर दोन्ही ४५. ३८ आणि ५० मधला फरक तुमच्या वेगाला वॅट-दीड वॅटचा आहे, त्यासाठी झोप घालवण्यासारखं त्यात काही नाही.

हुकलेस रिमबद्दल सावध करतो, कारण यात माणसं पडली आहेत. काही कार्बन रिमच्या कडेला टायर धरून ठेवणारा आतला ओठ नसतो. अशा रिमवर कमाल ५ बार, म्हणजे साडेबहात्तर पीएसआय, ही मर्यादा आहे, आणि टायर कंपनीच्या यादीत त्या रिमला चालतो असं लिहिलेलाच लागतो. तुमच्या वजनाला २८ च्या टायरमध्ये ६५-७० पुरतात, म्हणजे हिशेबात बसतं. पण आपल्याकडे १०० पीएसआय भरल्याशिवाय हवा भरल्यासारखं वाटत नाही, आणि वाटेतल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर ट्रकसाठी असतो. तुम्ही नियम पाळाल, पण कधी घाईत मित्र पंप मारून देईल. पर्याय असेल तर हुकवाली रिम घ्या. वीस-तीस ग्रॅम जास्त, शांत झोप.

वजनावरून आठवलं. "माझी जुनी चाकं दोन किलोची आहेत, नवी दीड किलोची, घाटात फरक पडेल ना?" हा पुढचा प्रश्न येणारच. ९० किलोमधून अर्धा किलो गेला म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त. पाऊण तासाच्या घाटात १५ सेकंद. फिरतं वजन दुप्पट मोजायचं, हे फक्त वेग वाढवताना खरं असतं, आणि घाट काय किंवा ट्रायथलॉन काय, तिथे वेग वाढवत कुणी बसत नाही, एका लयीत रेटायचं असतं. वजन कमी म्हणून चाकं घेऊ नका.

त्याउलट स्पोकची संख्या आणि प्रकार नीट बघा. पुढे २० किंवा २४, मागे २४, वाकड्या डोक्याचे साधे स्पोक, आणि निपल (स्पोक आवळायचे नट) रिमच्या बाहेर दिसणारे. आत लपलेले निपल हवेला किंचित बरे, पण एक स्पोक आवळायला टायर, टेप, सीलंट सगळं उतरवावं लागतं. सरळ डोक्याचे, विशिष्ट लांबीचे स्पोक तुटले तर ते मागवून येईपर्यंत तीन आठवडे चाक भिंतीला. माझ्याकडे आत्ता अशी दोन टांगलेली आहेत, मालक दर रविवारी फोन करतात. स्पोक तुटतो तो जवळपास नेहमी मागच्या चाकाचा, कॅसेटच्या (मागच्या गिअर चकत्यांच्या) बाजूचा, आणि बरेचदा खड्ड्यात नव्हे तर खड्ड्यानंतर आठवड्याने, साध्या रस्त्यावर. हबमधली बेअरिंग ६९०२ सारख्या नेहमीच्या मापाची असली तर कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. घेण्याआधी विक्रेत्याला हे दोन प्रश्न विचारा: स्पोकची लांबी काय, बेअरिंगचा नंबर काय. उत्तर आलं नाही तर पुढे तुमचं कसं होणार याचा अंदाज आला.

तुमच्याकडे डिस्क ब्रेक आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. माझी पहिली कार्बन चाकं रिम ब्रेकची होती, २०१४ साली कुणाच्या तरी हातून परदेशातून आणवलेली. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरत होतो. पुढे भाजीचा टेम्पो, ओव्हरटेकला जागा नाही, म्हणून सलग ब्रेक धरून त्याच्या मागे. चौथ्या-पाचव्या वळणानंतर ब्रेकचा लिव्हर बोटाखाली धडधडायला लागला, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका. मला वाटलं रिम आऊट झाली. थांबून हात लावला आणि झटकन मागे घेतला. रिमच्या कडेला नखभर लांबीचा फुगवटा आला होता, ब्रेकच्या उष्णतेने आतलं राळ मऊ पडून आतल्या हवेने कार्बन बाहेर ढकलला होता. हवा सोडली आणि वाईपर्यंत चालत आलो. वॉरंटीच्या ईमेलला उत्तर आलं की ब्रेकचा वापर अयोग्य होता. टेम्पोचा फोटो काढला नव्हता म्हणून, नाहीतर पाठवला असता. आज रिम ब्रेकवाला कुणी मला कार्बन चाकांबद्दल विचारायला आला तर मी सरळ नाही म्हणतो: चांगली रुंद ॲल्युमिनियम रिम घ्या, घाट उतरा, पावसात फिरा, मजा करा.

जुळणीच्या गोष्टी पटकन सांगतो. तुमच्या सायकलला थ्रू-ॲक्सल (आरपार जाणारा, आवळून बसवायचा जाड दांडा) आहेत का साधे क्विक रिलीज (खटक्याने उघडणारे) ते बघा, तीन वर्षांपूर्वीच्या स्वस्त डिस्क बाईकमध्ये दोन्ही असायचे आणि नवी चाकं बहुतेक थ्रू-ॲक्सलचीच येतात. ब्रेकची डिस्क सेंटरलॉकची (मधल्या एका रिंगने आवळायची) की सहा स्क्रूची? कॅसेट ८-९-१० स्पीडची असेल तर ११ स्पीडच्या हबवर एक रिंग टाकून बसते, अडचण नाही. आणि फ्रेममध्ये, चेनस्टेला (मागच्या चाकाच्या बाजूच्या खालच्या नळ्या) आणि फोर्कला, चढवलेल्या टायरच्या दोन्ही बाजूंना चार मिमी तरी मोकळे राहायला हवेत. रुंद रिमवर तुमचा २८ चा टायर अंगाने वाढणार आहे, हे विसरू नका.

म्हणजे तुमच्या जागी मी असतो तर या महिन्यात टायर आणि टीपीयू ट्यूब, पुढच्या महिन्यात फिटिंग आणि बार, असे वीस-तेवीस हजार घालवले असते. मग दोन-तीन महिने त्याच जुन्या चाकांवर. उरलेल्या सत्तेचाळीस हजारांत रुंद, ४५ मिमीची, २४ स्पोकची चिनी कार्बन जोडी येते, डॉलर आणि कस्टम्स त्या आठवड्यात कसे आहेत त्यावर थोडं इकडेतिकडे. ती रेसच्या किमान दोन महिने आधी हातात हवी, कारण नव्या चाकाचे स्पोक पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरला थोडे सैलावतात आणि एकदा आवळून घ्यावे लागतात. पैसे तोवर दुसरीकडे गेले तर मित्राची मागून न्या. पुण्यात एका खोल चाकांच्या जोडीने चार-पाच वेगवेगळ्या माणसांना गोवा दाखवलेला मी बघितलाय.

आणि चाकं घेतलीत तर त्याच दिवशी लांब व्हॉल्व्हच्या ट्यूब घ्या. ५० मिमीच्या रिमला ७०-८० मिमीचा व्हॉल्व्ह लागतो, तुमच्या सॅडलबॅगेतल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमच्या आतच राहील. गेल्या वर्षी एक जण नवी चाकं घेऊन सुरूरजवळ पंक्चर झाला. दोन ट्यूब होत्या, पंप होता, हवा भरायला व्हॉल्व्हच बाहेर येईना. मिसळ खात बसला होता बिचारा. मी टेम्पो घेऊन पोहोचेपर्यंत तिसरी प्लेट सुरू होती.